श्वास घेणारा चिखल

प्रयोगशाळेच्या रजिस्टरात शेवटी 'शेरा' नावाचा एक अरुंद रकाना असतो. त्यात मावेल तेवढंच लिहायचं. जे मावत नाही ते माणसांच्या पोटात राहतं, आणि जुनी मंडळी भेटली की आपोआप बाहेर पडतं. परवा माझा जुना सहकारी निखिल बायकोसह घरी आला होता. आम्ही दोघं तीन तास बोलत बसलो. त्याची बायको सगळं ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "तुम्ही नक्की गवतावर संशोधन करत होता की भुतांवर?"

निखिल म्हणाला, "गवतावरच गं. बाकीचं आपोआप झालं."

मी मूळची सांगलीची. दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं मी चेन्नईत काढली. वेलचेरीत खोली होती. बिल्डिंगमधले सगळे आयटीवाले. सकाळी ते शोळिंगनल्लूरच्या कंपनी बसमध्ये चढायचे आणि मी हातात गमबूट घेऊन स्टेशनकडे चालू लागायचे. घरमालकीणबाई मला बरेच महिने मासे विकणारी समजत होत्या.

आमचं काम समुद्रगवताचं. हे शेवाळ नव्हे. याला मुळं असतात, फुलंही येतात, आणि उथळ पाण्याखाली त्याचं चक्क कुरण पसरतं. हवेतला कार्बन हे गवत ओढून घेतं आणि मुळांखालच्या चिखलात पुरून ठेवतं. ते किती पुरतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे वायू किती परत सुटतात, हे मोजायचं. जागा पुलिकतची, म्हणजे चेन्नईच्या उत्तरेला जीपनं दोनेक तासांवरचं मोठं खारं सरोवर. माणसं इनमीन पाच. आमचे राव सर, वायू मोजायचं यंत्र सांभाळणारी सेल्वी अक्का, आयटीची नोकरी सोडून आलेला पुण्याचा निखिल, होडीवाला कदिरवेल आणि मी.

* * *

माझा इंटरव्ह्यू इंग्रजीत चालला होता. मध्येच सरांनी माझा अर्ज खाली ठेवला आणि म्हणाले, "नीट बैसा. पोहतां येतें की?"

मी दचकून मागे बघितलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

राव सर, म्हणजे सेतुमाधवराव, तंजावरचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेत, पण ती तिकडेच गोठून राहिलेली मराठी. समोर बुशशर्ट घातलेला, बोटाला बॉलपेनची शाई लागलेला माणूस आणि तोंडून शब्द येतात ते जुन्या दफ्तरातले. पहिले काही दिवस मला वाटायचं, बोलणारा माणूस खुर्चीत नाहीच, कुठंतरी लांब आहे.

पहिल्याच फेरीला त्यांनी मला कमरेइतक्या पाण्यात उतरवलं आणि म्हणाले, "कान पाण्याखालीं घाला."

मी घातले. खाली तडतड चालली होती. कढईत मोहरी तडतडावी तशी, पण चारी बाजूंनी, आणि मधूनमधून एकदम थांबायची. थांबली की वाटायचं, आता कुणीतरी बोलणार.

मी डोकं वर काढलं. कदिरवेल होडीत उकिडवा बसला होता. तो तमिळमध्ये म्हणाला, "ऐका मॅडम, पण उत्तर देऊ नका."

"कुणाला?"

"नाव घेऊन हाक आली तर."

सरांनी लगेच समजावलं की ते बारके झिंगे नांग्या आपटतात, आणि ऊन चढलं की पानांतून बुडबुडे सुटतात. सगळा आवाज एवढ्याचाच. मला हायसं वाटलं. परत येताना मी म्हटलं, "म्हणजे कदिरवेलचं काही खरं नाही ना, सर?"

सरांनी गमबुटातलं पाणी होडीबाहेर ओतलं. मग म्हणाले, "मी वीस वर्षें येतों आहें. मी उत्तर देत नाहीं."

* * *

सेल्वी अक्का काटेकोर बाई. केसांत मोगऱ्याचा गजरा, डोळ्यांवर जाड चष्मा. रोज सकाळी यंत्र सुरू केलं की आधी ती खोलीतली साधी हवा तपासायची आणि मगच आमच्या बाटल्या घ्यायची.

एका सोमवारी ती यंत्राची खोली उघडून आत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन व्हरांड्यात उभी राहिली. हातात कागद होता.

"शनिवार-रविवार आत कोण राहिलं होतं?" तिनं विचारलं.

कुणीच नव्हतं. कुलूप जागेवर होतं. पण आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड इतका होता की त्या बारक्या बंद खोलीत कुणीतरी दोन दिवस श्वास घेत बसलं असावं. वॉचमननं मुरुगनची शपथ घेतली. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. तिसऱ्या शुक्रवारी अक्कानं खोली बंद करण्याआधी जमिनीवर कोलमचं, म्हणजे रांगोळीचं, पांढरं पीठ चाळून पसरलं.

सोमवारी पिठावर एकही पाऊल नव्हतं. आकडा मात्र आणखी चढलेला.

आता आधी आत कोण जाणार, यावरून आमची अडचण झाली. शेवटी सर गेले, जमिनीवर बसले आणि टेबलाखाली वाकून बघू लागले. तिथं आम्ही कुरणातून आणलेल्या चिखलाच्या नळ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. चिखल काढायचा म्हणजे प्लॅस्टिकची लांब नळी तळात दाबायची आणि आतल्या चिखलासकट वर ओढायची. तोंडाला नुसतं फडकं बांधलेल्या अशा बारा नळ्या होत्या तिथं. सरांनी एकीवर डबा पालथा घातला, तासाभरानं आतली हवा सुईनं ओढून अक्काला दिली. यंत्रानं निर्वाळा दिला. श्वास त्या नळ्यांचा होता. चिखलातले जंतू इतक्या वर्षांनी हवा मिळाल्यावर जुनं गवत खाऊ लागले होते.

कोडं सुटलं. पण त्या दिवसापासून अक्का दार उघडलं की आधी टेबलाखाली बघून "वणक्कम" म्हणायची. निखिल हसला तर म्हणाली, "जिवंत आहेत हे तुम्हीच सिद्ध केलंत. मग बोलायला नको?"

* * *

निखिलचा स्वतःचा किस्सा छोटा आहे. कुरणात दर महिन्याला त्याच जागा सापडाव्यात म्हणून त्यानं वीस खुंट्या ठोकल्या होत्या. दुसऱ्या महिन्यात मोजल्या तर एकवीस. मी मोजल्या, एकवीस. सरांनी मोजल्या, एकवीस. कदिरवेलनं मोजायला नकार दिला.

एकेक खुंटी उपटून होडीत टाकली, आणि होडीत वीस भरल्या. पाण्यात एकही उरली नव्हती.

निखिल त्या वीस खुंट्यांकडे बघत राहिला. मग ओली वही बंद करत म्हणाला, "सॉफ्टवेअरमध्येही असं व्हायचं. पण तिथं पाय ओले होत नव्हते."

* * *

सरोवराच्या दक्षिण टोकाला कुरणाचा एक तुकडा मेला होता. एका उन्हाळ्यात पाणी फार तापलं, गढूळलं आणि गवत गेलं. वर काही उरलं नव्हतं, नुसता काळा तळ. पण दोन वर्षं झाली तरी तिथून बुडबुडे येत होते. आपण स्तब्ध उभे राहिलो की थांबायचे, पाऊल उचललं की सुरू व्हायचे. पावलाच्या दाबानं वायू सुटतो, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी आमच्यापैकी कुणीही तिथं पाठ फिरवून उभं राहत नसे.

"मेलेल्याचा श्वास आहे तो," कदिरवेल म्हणायचा आणि होडी लांबूनच न्यायचा.

निखिलला ते सहन होईना. "मिथेन आहे रे तो. पेटतो. दाखवतो तुला."

भर दुपारी त्यानं पाण्यात नरसाळं उपडं धरलं, पायानं चिखल दाबला, आणि वरच्या तोंडाशी काडी ओढली. काहीच दिसलं नाही. दुसरी काडी ओढली. काही नाही.

"विझली," तो म्हणाला आणि जवळून बघायला वाकला.

विझली नव्हती. मिथेनची ज्योत भर उन्हात दिसत नाही एवढंच. त्याच्या दोन्ही भुवया गेल्या. आवाज नाही, धूर नाही, चेहऱ्यासमोर नुसती मोकळी हवा, आणि भुवया जळल्याचा वास.

कदिरवेलनं मान हलवली. "मी सांगितलं होतं. लांबून म्हणून."

* * *

एकदा आमच्या कुरणातून होड्यांसाठी खोल वाट खणायचं घाटत होतं. एग्मोरच्या एका कचेरीत त्याची फाइल होती. सर आणि मी तिथं गेलो. साहेब सभ्य होते. नकाशा बघितला, म्हणाले, "सार, हे गवत तुमच्या कागदावर आहे. मला पाण्यात कधी दिसलं नाही. खणलं तर काय बिघडेल?"

सरांनी पिशवीतून काचेची मोठी बरणी काढली. तळाशी चिखल, त्यात रोवलेलं गवत, वर खारं पाणी. झाकण घट्ट. ती त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. "असूं दे येथें. पाहात जा," एवढं म्हणून आम्ही निघालो.

आठवड्यानं फोन आला. साहेबांचा आवाज खाली आलेला. "सार, तुमच्या बरणीत काहीतरी चाललं आहे."

गवत मेलं होतं. चिखल काळा पडला होता आणि त्यातून बुडबुडे काचेला धरून वर सरकत होते. एक मोठा बुडबुडा काचेवरच अडकून राहिला होता. शिपाई म्हणे आत यायला तयार नव्हता, तो डोळा आहे आणि दाराकडे बघतो म्हणून.

आम्ही पोचायच्या आतच झाकण उडालं. सडक्या अंड्याच्या वासानं अख्खा मजला रिकामा झाला. माणसं खाली रस्त्यावर नाकाला रुमाल लावून उभी. त्या गर्दीत सरांनी साहेबांना गाठलं. "ही एक बरणी, सार. खालीं जें शतकांचें निजलें आहे, तें तुम्ही खणून उठविणार."

साहेबांनी रुमाल नाकावर आणखी दाबला. पण खणायची रेघ कुरणाबाहेरून, वाळूच्या बाजूनं गेली.

महिन्याभरानं मी बरणी परत मागायला गेले. साहेब म्हणाले, "राहू द्या. सवय झाली." त्यांची मदुरैला बदली झाली तेव्हा ते ती सोबत घेऊन गेले.

* * *

हिरव्या पानाचंही सांगायला हवं. अक्काला त्याचा विषय काढलेला आवडत नाही.

एक लांब नळी आम्ही टेबलावर आडवी ठेवून लांबीत चिरली. आतला चिखल वरून खाली जुना होत जातो. अगदी तळाजवळ, म्हणजे आमच्या कुणाच्याही पणजोबांच्या आधीच्या थरात, एक पान होतं. फिकं का होईना, पण हिरवं. शिरा दिसत होत्या. काठाला कुठल्यातरी माशानं खाल्ल्याचा अर्धगोल होता.

आम्ही चौघं वाकून बघत होतो. तेवढ्यात त्याच्या टोकाला तपकिरी रंग आला. मग मधे. आम्ही बघता बघता ते काळं होत गेलं, कुणी कॅमेरा आणायला उठायच्या आत. खाली हवा नव्हती म्हणून टिकलं, हवा लागली आणि गेलं, हे सगळ्यांना कळत होतं.

अक्कानं हळूच विचारलं, "आपण बघितलं नसतं तर राहिलं असतं?"

"राहिलें असतें," सर म्हणाले.

अक्का त्या दिवशी जेवली नाही.

* * *

हा किस्सा निखिल सांगत नाही. मी सांगते, आणि नेहमी शेवटी, कारण यानंतर कुणी चहा मागत नाही.

कदिरवेल चाळिशीचा, हडकुळा, कामापुरतं बोलणारा. एप्रिल महिना होता. वारा पडलेला, पाणी आरशासारखं. सरोवराचं जुनं मुख आहे त्या बाजूला आम्ही नवी जागा शोधत होतो. कदिरवेल लहान असताना एका वादळात हे मुख वाळूनं बुजलं आणि समुद्राला वाट दुसरीकडे फुटली. तिकडे आम्ही कधी गेलो नव्हतो.

निखिल होडीत उभा राहून बघत होता. एकदम म्हणाला, "सर, हे बघा."

आजूबाजूला गवत विरळ, आखूड. मधेच एक दाट, काळपट हिरवा पट्टा. कडा कापून काढल्यासारख्या. वीसेक फूट लांब, मधे रुंद, दोन्ही टोकांना निमुळता.

"खालीं लाकूड वगैरे कुजत आहे," सर म्हणाले. "खत मिळतें, म्हणून दाट. नळी घालूं."

कदिरवेलनं बांबू पाण्यात रोवून होडी थांबवली. तो त्या पट्ट्याकडे बघत होता.

"वल्लम," तो म्हणाला. होडी.

मग तो बोलला. इतक्या वर्षांत आमच्याशी एवढं कधी बोलला नव्हता. तो सहा वर्षांचा असताना त्याचे वडील त्या वादळात समुद्रावर होते. बाकीच्यांच्या निदान फळ्या किनाऱ्याला लागल्या. त्यांचं काहीच आलं नाही. गावानं पंधरा दिवस समुद्र शोधला. इकडे सरोवरात कुणी बघितलं नाही, कारण इकडे नुसती वाळू येऊन पडली होती. आईनं कुंकू पुसायला नकार दिला. ना शरीर, ना फळी, मग कशावरून? तेव्हापासून तिचं कुंकू तसंच होतं. गाव तिला लग्नाला बोलवत नव्हतं आणि विधवांच्यात बसवतही नव्हतं. ती रोज दोन ताटं वाढायची. एक तिचं, एक झाकून ठेवलेलं.

सरांनी हातातली नळी होडीत ठेवली. "नको. दुसरीकडं जाऊं."

"नाही अय्या," कदिरवेल म्हणाला. "घाला. मला कळू दे. पण तुम्ही स्वतः घाला."

एरवी निखिल हातोड्यानं ठोकायचा. त्या दिवशी सर छातीभर पाण्यात उतरले आणि हातोडा मागितलाच नाही. दोन्ही तळव्यांत नळी धरून ते ती फिरवत फिरवत खाली दाबत राहिले. बोटभर, मग थांबायचं, पुन्हा बोटभर. अर्धा तास गेला असेल. काढतानाही तसंच. 

प्रयोगशाळेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. होडीतच नळी कापली. काळा चिखल, मुळं, शिंपले. मग स्वच्छ वाळूचा जाड थर, वादळाचा. आणि वाळूच्या खाली लाकडाचा बोटाएवढा तुकडा. त्यावर निळा रंग, आणि निळ्यावर एक पिवळी रेघ.

कदिरवेलनं तो तळहातावर घेतला. "निळा अप्पांनी दिला होता. आई म्हणाली, एक रेघ मी ओढणार." मग मूठ मिटून तो म्हणाला, "तुम्ही चला घरी. मला एकट्याला सांगता येणार नाही."

तिथं मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही चौघं पूर्ण वेळ एकत्र होतो. दुसरी होडी दिसलीदेखील नाही. धक्क्याला लागलो आणि थेट त्याच्या घरी चालत गेलो. तुकडा त्याच्या मुठीत होता.

गल्लीत बायका भिंतीला धरून उभ्या होत्या. आम्हाला बघून बाजूला झाल्या. कदिरवेलची आई, पच्चैयम्मा, पायरीवर बसली होती. केस ओले, पाणी निथळत होतं. कपाळ कोरं. हात मोकळे, आणि पायरीशी फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे एका पानावर गोळा करून ठेवलेले.

कदिरवेल तिच्या पायाशी बसला. मूठ अजून मिटलेलीच होती. "अम्मा, कुणी सांगितलं?"

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ती आमच्याकडे बघत होती. निखिलकडे, मग माझ्याकडे, मग सरांकडे, आणि तिथं थांबली. तिनं हातानं खूण करून सरांना जवळ बोलावलं. सर तिच्यासमोर खाली बसले. तिनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि तळवे वर केले. नळी फिरवून फिरवून त्यांची सालं निघाली होती.

"नळी काढणारे तुम्हीच ना, अय्या?"

सरांनी मान डोलावली.

"हळूच काढलीत म्हणाले," ती म्हणाली. "त्यांना लागलं नाही."